चिपीचं विमान ठरतं कुठे?

प्रश्न असा आला आहे. विचारणारा कुडाळचा, गणितात एम.एस्सी. करणारा मुलगा. "काका, आपल्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. धावपट्टी अडीच हजार मीटरची, म्हणजे एअरबससुद्धा उतरू शकते. गणपतीत आणि मे महिन्यात कोकण रेल्वेची वेटिंग लिस्ट बघितली तर माणसं नाहीत असं कोण म्हणेल? मग मुंबईचं विमान तीन वर्षं चालून का थांबलं? सरकार कंपन्यांना सक्ती का करत नाही? आणि मार्ग गणिताने ठरतात म्हणतात, ते गणित कुठलं? मला त्यावर प्रोजेक्ट करायचा आहे." बाजारात हाच प्रश्न चार शब्दांत विचारतात: विमानतळ झालो, विमान खय?

विमान कंपन्यांच्या नेटवर्क प्लॅनिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि गाव जिल्ह्यातलंच, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून ऐकावा लागतो. उत्तर लांबणार आहे, पण तू गणिताचा आहेस म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

माणसं आहेत की नाहीत यावर मार्ग ठरत नाही, इथून सुरुवात कर. विमान कंपनीची सगळ्यात महाग वस्तू म्हणजे विमानाचा तास. चिपीला येणारं एटीआर ७२, म्हणजे सत्तरेक आसनांचं पंख्यांचं विमान, सहसा भाडेपट्ट्यावर घेतलेलं असतं. ते उडो वा शेडमध्ये उभं राहो, महिन्याचं भाडं चुकत नाही. प्लॅनिंगच्या टेबलावर चिपीचं नाव आलं की विचारतात ते एवढंच: मुंबई-चिपी-मुंबई या फेरीत जे पावणेचार तास जातील, तेवढ्या वेळात हेच विमान दुसरीकडे किती कमावेल? चिपीची फेरी नफ्यात असली आणि दुसरी फेरी जास्त नफ्यात असली, तरी चिपी कटते. गावाला वाटतं आपला अपमान झाला. तसं काही नसतं, रांगेत आपला नंबर मागे असतो एवढंच.

हे गणित जुनं आहे. डँट्झिगने १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे बंधनांच्या आत सगळ्यात चांगलं उत्तर शोधायची रीत, मांडली, आणि १९५६ मध्ये फर्ग्युसन आणि डँट्झिग यांनी मागणी अनिश्चित धरून विमानं मार्गांवर कशी वाटायची याचा रेषीय नमुना प्रसिद्ध केला. आज कंपन्या जे सॉफ्टवेअर वापरतात त्याच्या पोटात त्याच कल्पनेची वाढलेली आवृत्ती असते. प्रत्येक संभाव्य उड्डाण आणि विमानाचा प्रकार यांच्या जोडीला एक चल द्यायचं: घेतलं तर १, नाही तर ०. उद्दिष्ट म्हणजे सगळ्या उड्डाणांचं मिळून उत्पन्न वजा खर्च जास्तीत जास्त करणं. मग बंधनं येतात. एका उड्डाणाला एकच प्रकार. ताफ्यात जितकी विमानं तितकीच वापरायची. वैमानिकांच्या ड्युटीची मर्यादा, आणि त्यात दर लँडिंगमागे परवानगीचे तास कमी होत जातात, म्हणजे छोट्या फेऱ्यांचा मार्ग वैमानिकाच्या दृष्टीने अधिक खर्चिक. आणि सगळ्यात निरागस दिसणारं बंधन: एखाद्या ठिकाणी जितकी विमानं उतरतील तितकीच तिथून निघतील.

या शेवटच्या बंधनावर थोडा थांब, कारण सिंधुदुर्गाचं अर्धं दुखणं त्यात आहे.

कुडाळ, मालवण, कणकवलीच्या माणसाला मुंबईचं विमान कधी हवं? सकाळी सातला. दहापर्यंत केईएम किंवा टाटा हॉस्पिटल, नाहीतर मंत्रालय, काम उरकून संध्याकाळी परत. आता सकाळी सातला चिपीहून विमान निघायचं असेल तर ते रात्री चिपीत असलं पाहिजे. रात्री असायचं तर संध्याकाळी उशिरा उतरलं पाहिजे, म्हणजे रात्री उतरण्याची सोय आणि विमानतळाची तेवढी लांब पाळी हवी. दोन वैमानिक आणि दोन केबिन क्रू यांची राहायची व्यवस्था हवी. सकाळी विमान तपासून सही करणारा इंजिनीअर हवा. एवढं नसेल तर विमान दुसऱ्या गावी मुक्काम करतं, सकाळची सोन्यासारखी वेळ तो तळ आणि एखादं मोठं शहर यांच्यात वापरतं, आणि आपल्याकडे अकरा ते तीनच्या मधल्या सपाट वेळेत येतं. संध्याकाळची चांगली वेळही पुन्हा मोठ्या शहराला. दुपारी साडेबाराला मुंबईत उतरलेला माणूस त्या दिवशी कामही धड करू शकत नाही आणि परतही येऊ शकत नाही. त्याला एक रात्र पाहुण्याकडे काढावी लागते. मग तो म्हणतो, त्यापेक्षा कोकणकन्या बरी.

इथे कोकणकन्येबद्दल. वाहतुकीच्या नमुन्यांत प्रवाशाच्या वेळेला पैशांत मोजतात, आणि विमानाची बाजू तिथे भक्कम होते. पण रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीला बसून सकाळी कुडाळला उतरणाऱ्या माणसाचा दिवसातला किती वेळ गेला? जवळपास शून्य. झोपेत गेलेला वेळ. प्रवासी कुठला पर्याय निवडेल याचा अंदाज देणाऱ्या लॉजिट नमुन्यात रेल्वेच्या खात्यावर नऊ तास टाकणारा विश्लेषक कोकणात हमखास तोंडघशी पडतो. रात्रीची गाडी वेगळा पर्याय म्हणून धरायची आणि तिच्या वेळेचं वजन अगदी कमी ठेवायचं. दिवसाच्या वंदे भारतशी विमानाची तुलना होते, रात्रीच्या गाडीशी होत नाही. त्या गाडीचं तिकीट न मिळालेला माणूस हाच विमानाचा खरा गिऱ्हाईक, आणि तो वर्षातले ठरावीक आठवडेच असतो.

आता मुंबईकडचं टोक. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला साधारण ४४ ते ४६ विमानं उतरतात-उडतात, त्याच्या पुढे जागा नाही. एका स्लॉटमध्ये, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या एका ठरलेल्या वेळेत, ७० जणांचं एटीआर उतरो की २३२ जणांचं ए३२१, स्लॉट एकच जातो. उलट एटीआर हळू येतं म्हणून मागच्या विमानाला अंतर सोडावं लागतं.

समजण्यापुरते आकडे घे. समजा एखादं ए३२० त्या वेळेला दिल्लीचं एका बाजूचं उड्डाण करून चालू खर्च वजा जाता ३ लाख रुपये उरवतं. मग त्या वेळेच्या स्लॉटची शॅडो प्राइस, म्हणजे ते बंधन एकाने सैल केलं तर वाढणारी कमाई, ३ लाख झाली. तोच स्लॉट एटीआरला द्यायचा असेल तर ७० आसनांनी मिळून खर्चाच्या वर ३ लाख आणले पाहिजेत, म्हणजे विमान पूर्ण भरलं तरी आसनामागे ४,२८६ रुपये निव्वळ जास्त. साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासाला हे कोण देणार? ज्यांच्याकडे फक्त एटीआर आहेत त्या कंपन्यांपुढे दिल्लीचा पर्याय नसतो, त्यामुळे त्यांचा हिशेब थोडा वेगळा. पण मोठ्या कंपन्यांनी चांगल्या वेळा आधीच धरून ठेवलेल्या असतात, आणि मिळालेल्या स्लॉटपैकी ८० टक्के वापरले की ते पुढच्या हंगामातही त्यांचेच राहतात. नव्याच्या वाट्याला उरलेलं. म्हणजे चिपीकडची वेळ मुक्कामाने बिघडवली आणि मुंबईकडची स्लॉटने. मधे उरतं ते दुपारचं विमान.

सक्तीचा तुझा प्रश्न. सक्ती आहे, १९९४ पासून आहे! १९५३ च्या कायद्याने हवाई वाहतूक सरकारच्या ताब्यात गेली होती, १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि त्याच वर्षी मार्ग-विभाजनाची मार्गदर्शक तत्त्वं आली. पहिल्या गटात मुंबई-दिल्लीसारखे बारा मोठे मार्ग. त्या मार्गांवर जेवढी क्षमता लावाल त्याच्या किमान १० टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा ठिकाणी आणि ५० टक्के इतर सर्व मार्गांवर लावा. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने इतर मार्गांचं प्रमाण ३५ टक्क्यांवर आणलं, आणि नवा मार्ग पहिल्या गटात जायला ७०० किलोमीटरहून जास्त अंतर, सरासरी ७० टक्के आसनं भरलेली आणि वर्षाला ५ लाख प्रवासी अशी कसोटी ठेवली.

"इतर सर्व मार्ग" हे शब्द पुन्हा वाच. मुंबई-गोवा अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पहिल्या गटात तो नाही, म्हणजे "इतर" मध्ये आला. दिवसभर भरून जाणाऱ्या मुंबई-गोवा विमानांनी कंपनी आपला ३५ टक्क्यांचा कोटा आनंदाने पुरा करू शकते आणि चिपीचं तोंडही बघावं लागत नाही. गणिताच्या भाषेत हे बंधन ताणलेलंच नाही. कंपन्या आपणहून जे करत्या तेच नियम सांगतो आहे, तेव्हा त्याची शॅडो प्राइस शून्य. असा नियम कागदावर कडक दिसतो आणि एकही विमान हलवत नाही. ईशान्येकडचं बंधन मात्र ताणलेलं होतं आणि त्याने तिकडे खरंच विमानं नेली. एकाच परिपत्रकातल्या दोन ओळींचे परिणाम इतके वेगळे, आणि ते नियम वाचून कळत नाही, सोडवून बघितल्यावर कळतं. तुझ्या प्रोजेक्टला मी हाच धागा देईन.

आकड्यांच्या उंबरठ्याचा एक गंमतशीर नमुनाही सांगून टाकतो. आपल्याकडे ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना देशांतर्गत फेऱ्यांवर लँडिंग शुल्काची सवलत आहे. क्यू४०० या एटीआरसारख्याच पंख्यांच्या विमानात ८० च्या वर आसनं बसू शकतात, तरी आपल्याकडे आलेली पहिली क्यू४०० विमानं ७८ आसनांची होती. नियमाने रेषा आखली की गणित त्या रेषेला जाऊन चिकटतं.

मग उडान, म्हणजे लहान गावं विमानाने जोडायची केंद्राची योजना. ऑक्टोबर २०१६ मध्ये योजना जाहीर झाली, २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली हे पहिलं विमान उडालं. कल्पना मार्ग-विभाजनाच्या उलट होती: सक्ती नको, पैसे द्या. साधारण तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा, विमानातली निम्मी आसनं त्या दराने, आणि त्या आसनांवरचा तोटा भरून काढायला व्यवहार्यता निधी. तो निधी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून घेतलेल्या लेव्हीतून येतो आणि २० टक्के वाटा राज्य उचलतं. सोबत विमानतळ शुल्कात माफी, इंधनावरचा राज्याचा कर १ टक्का, आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्याला प्रवेश नाही. इंधनावरची सवलत किरकोळ समजू नकोस. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे आणि महाराष्ट्रात मुंबई, पुणे, रायगडला त्यावर २५ टक्के व्हॅट होता, तो २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ झाला.

चिपीच्या मुंबई फेरीवर हे कसं बसतं ते मानलेल्या आकड्यांनी दाखवतो. एका बाजूच्या उड्डाणाचा सगळा खर्च २ लाख ४० हजार धरू. आसनं ७०, प्रवासी ६०. त्यातले ३५ जण २,५०० दराचे, म्हणजे ८७,५००. निधी आसनामागे २,००० धरला तर ७०,००० आले. उरले ८२,५००, ते बाकीच्या २५ जणांकडून घ्यायचे, म्हणजे माणशी ३,३००. सगळ्या ६० जणांची सरासरी काढली तर भाडं २,८३३ पडतं. जमतंय.

तीन वर्षं झाली, निधी संपला. आता त्याच ६० जणांकडून २ लाख ४० हजार यायचे तर सरासरी ४,००० हवी. भाडं ४१ टक्क्यांनी वाढलं. पण प्रवासी ६० राहतील का? सुट्टीला, गावाला जाणाऱ्या प्रवाशाची भाडे-लवचिकता, म्हणजे भाडं एक टक्का वाढलं तर प्रवासी किती टक्के घटतात तो आकडा, १ पेक्षा जास्त असते. १.४ धरून बघ: ६० चे ३७ होतात. ३७ जणांत खर्च भागवायचा तर माणशी साडेसहा हजाराच्या जवळ जातं, तेव्हा माणसं आणखी गळतात. लवचिकता १ च्या वर असताना भाडं वाढवून एकूण उत्पन्न वाढत नाही, कमीच होतं, हे तुला दोन ओळींत सिद्ध करता येईल. म्हणून तीन वर्षांच्या कडेवर विमान हळूहळू रोडावत नाही, एकदम थांबतं. चिपीची मुंबई सेवा ऑक्टोबर २०२१ मध्ये अलायन्स एअरने उडानखाली सुरू केली आणि तीन वर्षांचा काळ सरता सरता ती खंडित झाली, यात आश्चर्य वाटण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही.

हे फक्त आपलं नाही. कॅगने २०२३ मध्ये उडानवर अहवाल दिला. उडान-३ पर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ नी तीन वर्षं पुरी केली, आणि मार्च २०२३ ला सवलतीचा काळ संपूनही टिकलेले मार्ग होते ५४. म्हणजे शंभरातले सात. लोक याला भ्रष्टाचार, अनास्था अशी नावं देतात. माझं मत वेगळं आहे. योजनेचं गृहीतक असं की तीन वर्षांत मागणी "तयार" होईल. मागणी तयार व्हायला विमान रोज, ठरल्या वेळी, माणसाच्या कामाच्या वेळी यावं लागतं. योजना आसनाचे पैसे देते, वेळेचे देत नाही. आपल्याकडे तुटवडा आसनांचा कधीच नव्हता, वेळेचा होता.

पावसाळा यात भर घालतो. जिथे उपकरणांच्या आधाराने उतरायची सोय नसते तिथे साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. जुलैत चिपीला लागूनच्या परुळ्याच्या सड्यावर ढग टेकलेले असताना ती कुठून आणायची? दोनदा विमान रद्द झालं की माणूस तिसऱ्यांदा तिकीट काढत नाही, आणि नेमका पावसाळा संपता संपता गणपती येतात.

गणपतीचं गणित स्वतंत्र आहे. चतुर्थीच्या आधीचे चार दिवस मुंबईहून येणारं विमान खच्चून भरलेलं, जाणारं रिकामं. गौरी-विसर्जनानंतर उलट. फेरीचा खर्च दोन्ही बाजूंचा, गिऱ्हाईक एकाच बाजूचं. म्हणजे भरल्या बाजूच्या भाड्याने रिकामी बाजू पोसावी लागते, आणि चाकरमानी म्हणतो लुटतात.

इथे एक सुंदर नियम आहे, लिटलवूडचा. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीत तो मांडला गेला आणि पुढे उत्पन्न-व्यवस्थापन नावाचं सगळं शास्त्र त्यावर उभं राहिलं. स्वस्त गिऱ्हाईक आज दारात आहे, महाग गिऱ्हाईक कदाचित उद्या येईल. आसन आज विकायचं का? स्वस्त भाडं २,५०० आणि महाग भाडं ६,००० असेल तर भागाकार ०.४२ येतो. त्या आसनासाठी महाग गिऱ्हाईक येण्याची शक्यता ४२ टक्क्यांहून जास्त असेल तर आसन राखून ठेव, कमी असेल तर देऊन टाक. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी ही शक्यता दहा-बारा आसनांनंतर घसरते, म्हणून बाकीची स्वस्तात जातात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती शेवटच्या आसनापर्यंत १ च्या जवळ असते, म्हणजे नियमाने एकही स्वस्त आसन नको. पण उडान म्हणतं ३५ द्या. वर्षातल्या ज्या आठ-दहा दिवसांत कंपनी बाकीच्या महिन्यांचा खड्डा भरू शकली असती, त्याच दिवशी मर्यादा सगळ्यात जोरात चावते.

मर्यादा वाईट असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांच्या पार्श्वभूमीवर देशभर उड्डाणं रद्द झाली, भाडी आकाशाला भिडली, तेव्हा सरकारने ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये अशी कमाल मर्यादा घातली. ती योग्यच होती, कारण त्या दिवसांत भाडं वाढवून एकही जास्तीचं विमान येणार नव्हतं. पुरवठा गोठलेला असताना मर्यादा फक्त पैसा इकडचा तिकडे करते. पुरवठा हलू शकत असताना तीच मर्यादा विमान पळवून लावते. गणपतीत पुरवठा हलू शकतो, एक जास्तीची फेरी लावता येते. म्हणून माझा कल असा: मर्यादा वर्षाच्या सरासरीवर घालावी, रोजच्या प्रत्येक उड्डाणावर घालू नये.

मोपाचं, म्हणजे उत्तर गोव्यातल्या नव्या विमानतळाचं, नाव घेतल्याशिवाय चिपीचा हिशेब पुरा होत नाही. चिपी सुरू झाल्यावर सव्वा वर्षातच, ५ जानेवारी २०२३ ला, मोपाहून विमानं उडायला लागली. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग यांना मोपाच जवळ. तिथे एअरबस, दिवसभर अनेक वेळा, मोठ्या विमानाचा आसनामागचा खर्च कमी म्हणून भाडंही कित्येकदा चिपीपेक्षा कमी. वेळापत्रक दाट असलं की प्रवाशांचा वाटा फेऱ्यांच्या वाट्यापेक्षाही जास्त मिळतो, हा या धंद्यातला जुना अनुभव. त्यामुळे जिल्ह्याची लोकसंख्या घेऊन तिला गुणांक लावून चिपीची मागणी काढणारे अहवाल मी बाजूला ठेवतो. चिपीचं खरं पाणलोट क्षेत्र म्हणजे मालवण, कुडाळ, कणकवली, देवगड आणि वेंगुर्ल्याचा काही भाग. बाकीचं दक्षिणेला वाहून जातं.

पण याच कारणाने २०२४ मध्ये जे झालं ते मला शहाणपणाचं वाटलं. गोव्यात तळ असलेली फ्लाय९१ ही विमान कंपनी आली आणि चिपी हैदराबाद, बेंगळुरू, पुण्याला जोडली गेली. हैदराबाद आणि बेंगळुरू दोन्ही चिपीहून सव्वापाचशे ते साडेपाचशे किलोमीटर. तिकडे थेट रात्रीची सोयीची गाडी नाही, रस्त्याने घाट चढून पूर्ण दिवस जातो, आणि मुंबईच्या स्लॉटची भानगड नाही. विमानाचं श्रेष्ठत्व जिथे जास्त तिथे विमान आधी टिकतं. मुंबई आपल्या मनाच्या जवळची म्हणून तिचं विमान सगळ्यात आधी मागितलं गेलं, आणि नेमकी तीच जोडी गणिताला सगळ्यात जड.

रत्नागिरीचं थोडक्यात. धावपट्टी तटरक्षक दलाच्या ताब्यातली, आणि मुंबईचं अंतर आणखी कमी. अंतर कमी झालं की टॅक्सी, चढणं, उतरणं, चेक-इन यांचा न घटणारा वेळ सगळा प्रवास खाऊन टाकतो. रत्नागिरी-मुंबई विमानापेक्षा मला रत्नागिरी आणि एखादं दूरचं शहर ही जोडी पटते.

मग करायला काय हवं होतं? युरोपीय संघात २००८ चा एक नियम आहे, क्रमांक १००८. सार्वजनिक सेवेची जबाबदारी म्हणून सरकार एखाद्या मार्गासाठी आठवड्याला किती फेऱ्या, कुठल्या वेळेला, किमान किती आसनं हे निविदेत लिहितं, आणि जो कमी पैशांत करेल त्याला चार वर्षांपर्यंत एकट्याला मार्ग देतं. नॉर्वेचा पश्चिम किनारा आपल्यासारखाच, खाड्यांनी चिरलेला आणि लहान गावांचा. तिथे अशा करारांत सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं पाहिजे ही अट घातलेली सापडते. त्या अटीमुळे विमान कुठल्या गावी झोपेल हेच बदलतं. आपली योजना ज्या जागी भाडं लिहिते त्या जागी हे लोक घड्याळ लिहितात. सिंधुदुर्गासाठी राज्याने पैसे घालायचे असतील तर आसनामागे घालण्याऐवजी चिपीतल्या रात्रीच्या मुक्कामासाठी घालावेत, म्हणजे क्रूची राहण्याची सोय, इंजिनीअर, विमानतळाची वाढीव पाळी. माझ्या हिशेबाने त्याच रुपयात जास्त काम होतं. हे सांगितलं की बैठकीत सगळे मान डोलावतात आणि शेवटी भाडं कमी करण्याचंच निवेदन जातं, कारण त्याचा फोटो चांगला येतो.

नवी मुंबईच्या विमानतळामुळे मात्र चित्र खरंच हलू शकतं. उलव्याच्या या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. सुरुवातीची काही वर्षं तिथे स्लॉट मोकळे असतील, आणि बंधन सैल असलं की शॅडो प्राइस शून्य, हे तुला पूरक शिथिलतेच्या प्रमेयातून माहीत आहेच. एटीआरवर लादला जाणारा तो ३ लाखांचा अदृश्य बोजा तिथे नाही. डोंबिवली, ठाणे, पनवेलचा चाकरमानी तिथे पोचूही शकतो. अडचण एकच, उलव्याला गाडीने पोचलेला कोकणी माणूस मुंबईच्या ट्रॅफिकमधून सुटलेला असतो, पुढे गोव्याचा हायवे दिसतो, आणि त्याला वाटतं, आता इथवर आलोच आहोत तर गाडीनेच जाऊ.

प्रोजेक्टसाठी: डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं, दर महिन्याला शहर-जोड्यांनुसार प्रवासी संख्या प्रसिद्ध करते, तिथून सुरू कर. दोन एटीआर, सहा गावं (चिपी, मुंबई, नवी मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू), दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे, एवढंच जाळं काढ. यापेक्षा मोठं काढलंस तर उत्तर येईल पण समजणार नाही. आधी कुठलाही नियम न घालता सोडव. मग एकेक नियम घाल: भाडेमर्यादा, ३५ टक्क्यांचं विभाजन, रात्री चिपीत मुक्कामाला मनाई, मुंबईत फक्त दुपारचे स्लॉट. प्रत्येक वेळी उद्दिष्टाची किंमत किती घसरली ते लिही. पूर्णांक चलांच्या नमुन्यात ड्युअल किमती, म्हणजे त्याच शॅडो प्राइस, सरळ मिळत नाहीत, म्हणून शेवटी शिथिल केलेला रेषीय नमुना सोडवून त्यांचा अंदाज घे. विभाजनाच्या नियमासमोर शून्य आलं तर सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजू नकोस. मग मुक्कामाची मनाई काढ, नवी मुंबईचे सकाळचे स्लॉट एकेक करून वाढव, आणि कितव्या स्लॉटला सकाळी सातचं चिपी-मुंबई आपणहून उत्तरात येतं ते टिपून मला कळव.